अमेरिकेचं 91 आणि आपल्या पंपावरचं 91

नमस्कार मंडळी. हे टेबलावर पडलंय ते जुन्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) बुलेट 350 चं हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण. मालक म्हणतो, "दादा, लेथवर दोन मिलीमीटर घासून द्या. कॉम्प्रेशन 10 करायचंय. अमेरिकेतला एक जण व्हिडिओत सांगतो, 91 च्या पेट्रोलवर आरामात चालतं."

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा. तो अमेरिकन खोटं बोलत नाही. पण त्याचं 91 वेगळं, आपलं वेगळं.

पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटता टिकायची ताकद, मोजायला एक सिलिंडरचं खास इंजिन असतं. चालू असतानाच त्याचं कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येतं. 600 आरपीएमला, सौम्य परिस्थितीत मोजलं की मिळतो तो रॉन. 900 ला, खूप तापवलेल्या मिश्रणावर मोजलं की मॉन, आणि हा आकडा नेहमी कमी येतो. आपल्याकडे पंपावर रॉन सांगतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणजे त्यांचं 91 हे आपल्या हिशेबात साधारण 95-96. आणि आपलं आजवरचं साधं 91? तिकडच्या 87 च्या आसपास, म्हणजे तिथलं सगळ्यात स्वस्त पेट्रोल!

आता कुणीतरी म्हणणारच, ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलं, सरकार त्याचा रॉन 95 सांगतं, मग अडलं कुठे? ऑक्टेन वाढला, कबूल. पण ही गाडी कार्बोरेटरची. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई-20 ला साधारण 13.5. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तोच ठेवलात तर मिश्रण लीन होणार, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडणार, हेड तापणार, आणि तापलेलं हेड नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणाऱ्या खडखडीला, आवतणच देतं. शिवाय पावसाळ्यात गाडी महिनोनमहिने उभी राहिली आणि टाकीत पाणी शिरलं, तर इथेनॉल पाण्यासोबत तळाला बसतं. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन पडलेला असतो.

बरं, हिशेब करू. बोअर 70, स्ट्रोक 90, म्हणजे 346 सीसी. कंपनीचं कॉम्प्रेशन 8.5. 346 ला 7.5 ने (8.5 वजा 1) भागा: पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे 46 सीसी. या बोअरला एक मिलीमीटर घासलं की 3.85 सीसी जातात, म्हणजे कॉम्प्रेशन 9.2 च्या जवळ. दोन मिलीमीटरला थेट 10. पठ्ठ्याचं गणित बरोबर होतं! पण हेड खाली येतं, व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड मात्र तेवढेच लांब राहतात, आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ सरकतात. ते कोण बघणार?

आणि हो, नवीन 350 चं 9.5 दाखवू नका. ते इंजिनच वेगळं, त्यात फ्युएल इंजेक्शन आहे. माझदाने तर 14 चं इंजिन काढलं, पण त्यासाठी पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडलं आणि जळका गरम वायू आत उरू नये म्हणून सायलेन्सरचे लांब पाइप खास बनवले. नुसतं हेड घासून ते होत नसतं.

उलटं दुखणंही येतं. कॉम्प्रेशन जास्त झालं की लोक दोन गॅस्केट टाकतात. माझ्या मते हा सगळ्यात वाईट उपाय. पिस्टन वर येताना कडेच्या अरुंद फटीतून मिश्रण मध्ये ढकललं जातं, घुसळतं, आणि भराभर जळतं. याला स्क्विश म्हणतात. फट वाढवलीत की घुसळणं गेलं. कॉम्प्रेशन कमी, तरी खडखड चालूच! कमी करायचं तर फट एक मिलीमीटरच्या आसपास राहू द्या आणि चेंबरमधून किंवा पिस्टनच्या डोक्यावरून माल काढा. फट मोजायला पिस्टनवर सोल्डरची तार ठेवा, हेड कसा, इंजिन हाताने फिरवा, चेपलेली तार व्हर्नियरने मोजा.

या हेडचं ठरलंय: अर्धा मिलीमीटर. 8.8 होईल. मालक जरा नाराज आहे. गाडी जुळली की भर दुपारी वरच्या गिअरमध्ये खंबाटकी चढवतो, आवाज तुम्हीच ऐका.