जास्तीचे आठ हजार आणि प्रोसेसरची पिढी

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले असतात. पडदा तोच, रॅम तेवढीच, वजनही सारखेच. पण एकात बाराव्या पिढीचा प्रोसेसर असतो आणि दुसऱ्यात तेराव्या, आणि किमतीत समजा आठ हजारांचा फरक असतो. मुलगी अभियांत्रिकीला निघालेली असते, लॅपटॉप चार वर्षे पुरवायचा असतो, आणि विक्रेता सांगतो, ‘साहेब, लेटेस्टच घ्या, मागाहून हळहळ नको.’ हे आठ हजार द्यावेत की राखावेत, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

प्रथम हे दोन प्रोसेसर नावानिशी समोर ठेवू. बाराव्या पिढीचा आय५-१२३५यू आणि तेराव्या पिढीचा आय५-१३३५यू, दोन्ही इंटेलचे. दोघांतही जड कामासाठी २ आणि किरकोळ कामासाठी ८ असे एकूण १० कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग आहेत, थ्रेड, म्हणजे एकाच वेळी हाताळता येणारे कामाचे धागे, १२ आहेत, आणि मूळ वीजमर्यादा १५ वॅटची आहे. कमाल वेग पहिल्याचा ४.४ गिगाहर्ट्झ आणि दुसऱ्याचा ४.६. हा फरक साडेचार टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि तोही त्या कमाल वेगापुरता, जो प्रोसेसर थोडा वेळच टिकवून धरतो. पाटीवरची पिढी बदलली, पण आतली घडण जवळपास तीच राहिली.

याचा अर्थ पिढी म्हणजे केवळ जाहिरात असा मात्र नाही. २०१७ साली इंटेलने सातव्या पिढीच्या आय५-७२००यूनंतर आठव्या पिढीचा आय५-८२५०यू आणला, तेव्हा त्याच १५ वॅटमध्ये २ कोअरचे ४ झाले आणि ४ थ्रेडचे ८. त्या वर्षी ज्यांनी थोडे अधिक पैसे मोजून आठवी पिढी घेतली, त्यांचा व्यवहार पुढे आणखी एका कारणाने फायद्याचा ठरला: विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने जी रेघ आखली, तिच्यात आठवी पिढी आत राहिली आणि सातवी, अगदी मोजके अपवाद वगळता, बाहेर गेली, आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून पिढीचा आकडा ऐकल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा की कोअर, थ्रेड, वीजमर्यादा आणि बांधणी यांपैकी नेमके काय बदलले आहे. उत्तर कंपनीच्या अधिकृत पानावर मिळते. दुकानातल्या स्टिकरवर ते नसते.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्या बाबतीत तर आकड्यांनी ग्राहकाला चकवण्याची कला फारच पुढे गेली होती. रायझन ७००० मालिकेतील लॅपटॉपच्या प्रोसेसरांत पहिला अंक वर्ष सांगतो, पण आतली बांधणी कोणती ते तिसरा अंक सांगतो. त्यामुळे ७५२०यू हा नावाने २०२३चा असला, तरी आत ‘झेन २’ आहे, जी बांधणी २०१९ची. ७५३०यूमध्ये ‘झेन ३’ आहे आणि ७५४०यूमध्ये ‘झेन ४’. आता शेजारी जुना वाटणारा ५६२५यू ठेवा: त्यात ‘झेन ३’चे ६ कोअर आहेत, तर ‘नव्या’ ७५२०यूमध्ये ‘झेन २’चे ४. मोठा आकडा पाहून पैसे मोजणारा माणूस येथे उलट कमी ताकदीचा माल घरी आणतो. आय५ की आय७, हा प्रश्नही असाच आहे. बाराव्या पिढीतील आय७-१२५५यूचे कोअर आय५-१२३५यूइतकेच म्हणजे १०च आहेत आणि कॅश, म्हणजे प्रोसेसरची स्वतःची छोटी वेगवान स्मृती, तीही तेवढीच, १२ एमबी.

समजा, फरक खरा आहे आणि नवा प्रोसेसर खरोखरच वीस टक्के वेगवान आहे. तरी तुमचे काम वीस टक्क्यांनी वेगवान होईल का? संगणकशास्त्रात १९६७पासून अॅमडालचा नियम सांगितला जातो, आणि तो घरगुती हिशेबालाही लागू पडतो: ज्या भागाचा वेग वाढला, त्या भागाचा एकूण वेळेत जेवढा वाटा, तेवढाच फायदा. एखादी मोठी फाईल उघडायला १० सेकंद लागतात, आणि त्यांतील ३ सेकंद प्रोसेसरचे असून उरलेले डिस्कचे व नेटवर्कचे आहेत, असे धरा. वीस टक्के वेगवान प्रोसेसर त्या ३चे अडीच करील. म्हणजे १० सेकंदांचे साडेनऊ झाले. एवढा फरक मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. आपला वाटा कोणता, हे पाहण्यासाठी सध्याचा संगणक अडखळेल त्याच क्षणी टास्क मॅनेजर, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडावा. प्रोसेसर निवांत असून मेमरी (म्हणजेच रॅम) काठोकाठ भरलेली दिसली, तर आठ हजारांची जागा रॅममध्ये आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे ८ जीबीचा नवा आणि १६ जीबीचा एक पिढी जुना यांत निवड आली, तर मी बेधडक जुना घेईन.

उष्णतेचाही विचार हवा. तोच १२३५यू क्षणभर ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो, पण पुढे तो किती वॅटवर टिकेल हे लॅपटॉपचा पंखा आणि जाळी ठरवतात. त्यामुळे उत्तम पंखा असलेला जुना प्रोसेसर पातळ, गुदमरलेल्या नव्याला लांबच्या कामात मागे टाकू शकतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात तर हे सांगावेही लागत नाही.

मग पैसे कोणी द्यावेत? ज्याचे व्हिडिओ तासन् तास रेंडर होतात, ज्याचा प्रोग्रॅम कंपाइल होईपर्यंत, म्हणजे लिहिलेला कोड चालण्याजोगा होईपर्यंत, चहा होतो, त्याने. ज्याला दिवसभर प्लगशिवाय फिरायचे आहे त्यानेही, पण बॅटरीचा फरक प्रत्यक्ष चाचण्यांत पाहून. ‘एआय लॅपटॉप’ या शिक्क्यासाठी मात्र घाई नको. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस वर्गासाठी किमान ४० टॉप्सचा (टॉप्स म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी क्रिया, त्याचे माप) एनपीयू, म्हणजे एआयच्या कामासाठीचा वेगळा भाग, आणि १६ जीबी रॅम लागते. कोअर अल्ट्रा ५ १२५यूसारख्या आधीच्या प्रोसेसरात एनपीयू असूनही तो या मर्यादेच्या बराच खाली राहतो.

घरी आठव्या पिढीचा लॅपटॉप हार्ड डिस्कवर रखडत असेल, तर बाजारात जाण्याआधी मागचे झाकण उघडून एसएसडीची, म्हणजे हार्ड डिस्कहून कितीतरी वेगवान डिस्कची, सोय आणि रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का, एवढे पाहून घ्यावे.