कोरडी असेल तरच कामाची : बागेतली डायटम माती

(बेळगावातल्या परसबाग आणि गच्चीबाग करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली, पाऊस गेला. आता आपल्याकडे कोबी-फ्लॉवरची रोपं, टोमॅटो, वांगी, मेथी असं सगळं एकदम सुरू होतं. त्याच्या मागोमाग कीड येते आणि किडीच्या मागोमाग मोबाइलवर ते व्हिडिओ येतात: पांढरी पावडर भुरभुरवा, विष नाही, रसायन नाही, दुसऱ्या दिवशी बाग स्वच्छ. या पावडरीवर बोला म्हणून मला बोलावलंय. पावडर चांगली आहे, मी स्वतः वापरते. खरं ती बेळगावच्या हवेत कधी चालते, कुठं चालत नाही आणि कुणाच्या नाकात जाता कामा नये, हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

आधी ही आहे काय ते बघू. डायटम म्हणजे पाण्यात राहणारं एकपेशीय शेवाळ, डोळ्यांना न दिसणारं. त्याच्या पेशीचं कवच सिलिकाचं असतं, म्हणजे वाळू ज्या द्रव्याची बनते त्याच द्रव्याचं. शेवाळ मेलं की कवच तळाशी बसतं. तळी आणि समुद्र आटल्यावर लाखो वर्षांचे हे थर जमिनीवर उघडे पडले. ते खणून, वाळवून, दळून जे मिळतं ती डायटोमेशियस अर्थ. आपण डायटम माती म्हणू. भुगा सच्छिद्र असल्यामुळे भरपूर शोषून घेतो. आल्फ्रेड नोबेलनं १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं, त्यात भडकू नायट्रोग्लिसरीन शोषून धरायला हीच माती होती, उत्तर जर्मनीतली. त्याच माणसाच्या नावानं शांततेचं पारितोषिक दिलं जातं आणि त्याचीच माती आपण मुंग्यांवर टाकतोय, असो.

कीड मरते ती याच शोषण्यामुळे. कीटकाच्या अंगावर मेणासारखा एक पातळ थर असतो, अंगातलं पाणी तो आत धरून ठेवतो. कीटक या भुकटीतून चालला की कण अंगाला चिकटतात, तो थर टिपकागदासारखा शोषून घेतात, थोडा खरवडतातही. मग कीटक आतून वाळत जातो. यात विषबाधा नाही, त्यामुळे किडीला विषाची सवय होते तशी याची सहज होत नाही. पण मरायला वेळ लागतो, काही तास ते काही दिवस. सकाळी टाकून दुपारी 'काहीच झालं नाही' म्हणत अजून अर्धी पिशवी ओतणारे लोक मला माहीत आहेत.

आता या सगळ्यातून काय निघतं ते लक्षात घ्या. जी गोष्ट वाळवून मारते ती स्वतः ओली झाली की संपली. ओल्या मातीत पाणी शोषायची ताकद उरत नाही, भुकटीचा चिखल होतो. नंतर वाळली तर थोडं काम करते, पण तोवर खपली धरलेली असते, नाहीतर वाहून गेलेली असते. म्हणून मृगापासून हस्तापर्यंत उघड्यावर ही पावडर विकत घेऊन टाकणं म्हणजे पैसे गटारीत टाकणं. जांबोटी-कनकुंबीकडच्या मंडळींना तर मी सांगते, पावसाळ्यात पिशवीच उघडू नका. शहरातली रिपरिप कमी असली तरी हवेतली ओल पुरते, हवा दमट असली की हिचा परिणाम घटतो. अथणी-रायबागकडं कोरडं हवामान जास्त दिवस असतं, तिकडं हिला जास्त महिने मिळतात.

इथं मला एका लोकप्रिय सल्ल्याशी भांडायचं आहे. सगळे सांगतात, संध्याकाळी टाका, कारण तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. हेतू चांगला आहे. पण आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे दव किती पडतं? धुकं बघायला लोक वैजनाथच्या डोंगरावर जातात, तेच धुकं तुमच्या कोबीच्या पानांवर असतं. संध्याकाळी टाकलेली पावडर रात्रभर भिजते आणि सकाळी कामाची राहत नाही. दुसरं, सगळी फुलं सकाळीच उमलतात असं नाही. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्यावर पतंग रात्री येतात. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं. तेव्हा वेळेचा नियम पाळून फुलं वाचत नाहीत, जागेचा नियम पाळावा लागतो. फुलावर टाकायची नाही, फुलाजवळच्या पानावरही नाही, कुठल्याही वेळेला नाही. फुलोऱ्यात नसलेल्या रोपाच्या बुडाशी, कुंडीच्या काठावर, ओट्याच्या भेगेत टाकायची, आणि दव वाळल्यावर, साडेदहा-अकराच्या सुमारास, वारा नसेल तेव्हा. या मातीला सातेरी मधमाशी कोण आणि वांग्यावरचा भुंगेरा कोण हे कळत नाही. लेडीबर्ड म्हणजे मावा खाणारे ठिपक्यांचे भुंगे, कोळी, इतर भक्षक भुंगे, सगळ्यांचं अंग ती वाळवते. खानापूरकडं ज्यांच्या घरी मधाच्या पेट्या आहेत त्यांनी पेटीच्या आसपास अजिबात टाकू नये.

मग वापर नक्की कुठं? माझं उत्तर ऐकून काहींची निराशा होईल. मला हिचा सगळ्यात मोठा उपयोग मुंग्यांसाठी वाटतो, आणि मुंग्यांमार्फत पिठ्या ढेकणासाठी. जास्वंदीवर, पेरूवर, सीताफळावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो ना, तो पिठ्या. तो आणि मावा दोघंही झाडाचा रस पितात आणि गोड चिकटा सोडतात. मुंग्यांना तो चिकटा हवा असतो. म्हणून मुंग्या त्यांना राखतात, त्यांना खायला आलेल्या लेडीबर्डच्या अळीला हुसकावतात, पिठ्याची पिल्लं उचलून नव्या फांदीवर नेऊनही ठेवतात. थेट पिठ्यावर ही पावडर टाकून फारसं काही हाती लागत नाही, त्याच्या अंगावर मेणाचा जाड गठ्ठा असतो आणि तो बसतो पानांच्या बेचक्यात. त्याला पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं उडवा, साबणाच्या पाण्यानं पुसा. पण मुंग्यांचा रस्ता तोडा. कुंडी ज्या स्टँडवर आहे त्याच्या पायांभोवती, भिंतीला मुंग्यांची रांग जिथून चढते तिथं, छपराखाली कोरडी जागा बघून पावडरीचा पातळ पट्टा ओढा. झाडाची फांदी भिंतीला टेकलेली नको, नाहीतर मुंग्या वरून पूल करून जातात आणि खालचा पट्टा नुसता बघत बसतो. पूर्वी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, तोही उपाय चालतो. डास होऊ नयेत म्हणून पाणी मात्र बदलत राहायचं. मुंग्या थांबल्या की लेडीबर्ड आणि इतर मित्रकीटक आपलं काम करतात आणि दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो.

पट्टा पातळ म्हणजे किती? खालची फरशी अंधुक दिसली पाहिजे. ढीग केला तर कीटक वळसा घालून जातो, त्याला काही अडत नाही. बारीक गाळणीतून हळूच टॅप करा किंवा टाल्कम पावडरच्या धुतलेल्या, वाळवलेल्या डब्यातून. डब्यावर नवं नाव ठळक चिकटवा, घरात तान्हं मूल असेल तर तो डबा वापरूच नका.

दुसरी जागा रोपवाटिका. कडोली, उचगाव, बेळगुंदीकडची मंडळी कोबीचं रोप लावतात आणि रात्रीतून देठ जमिनीशी कातरलेला सापडतो. ती कातरणारी अळी दिवसा मातीत लपते. बुडाभोवती कोरडी पावडर थोडी मदत करते, पण पाणी द्याल तेव्हा ती भिजणारच. त्यापेक्षा जाड कागदाची नळी देठाभोवती अर्धी मातीत खोचलेली बरी, आणि बॅटरी घेऊन रात्री अळ्या वेचणं त्याहून बरं. गोगलगायींसाठी तर लोक ही पावडर उगाच घेतात. गोगलगाय बाहेर पडते ती ओल असताना आणि ही चालते कोरडेपणात, दोघींची गाठ पडतच नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बांधावर टाका, सकाळी त्याच्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. पांढरी माशी आणि तुडतुडे उडते आहेत, त्यांना पिवळे चिकट सापळे. फळ पोखरणारी अळी वांग्याच्या आत बसलेली असते, तिला बाहेरच्या पावडरीनं काय होणार? तिथं कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे सापळे, आणि पोखरलेले शेंडे-फळं काढून टाकणं. गांडूळखताच्या ओल्या बेडवर टाकून काहीच मिळत नाही.

आता नाकाकडे येते. यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

सिलिका दोन प्रकारची असते : आतली रचना ठरावीक, नेटकी असेल ती स्फटिकी, तशी नसेल ती अस्फटिकी. नैसर्गिक डायटम मातीत ती बहुतांश अस्फटिकी असते. हीच माती भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातली बरीच सिलिका स्फटिकी होते. भाजलेली माती गाळणीसाठी उत्तम, पोहण्याच्या तलावांच्या फिल्टरमध्ये ती जाते. स्फटिकी सिलिकेची बारीक धूळ फुफ्फुसात खोल गेली की तिथं चट्टे पडतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्ये स्फटिकी सिलिकेची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गटात टाकली. गुजरातेत खंभातला अकीक, म्हणजे दागिन्यांचा रंगीत दगड, घासणारे कारागीर या धुळीनं गेले. आपल्या इथं उद्यमबागच्या कारखान्यांत, फौंड्रीत साच्याच्या वाळूत काम केलेले कुणी सभागृहात असतील, त्यांना हे मी सांगायची गरज नाही.

म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न किमतीचा नको. फिल्टरसाठीची, तलावासाठीची माती बागेत आणायची नाही, कितीही स्वस्त मिळो. रंगावर जाऊ नका. क्षार घालून भाजलेली माती पांढरीशुभ्र निघते, तर नैसर्गिक माती बऱ्याचदा मळकट, करडी असते. पिशवीवर न भाजलेली, नैसर्गिक, स्फटिकी सिलिका एक टक्क्याच्या आत असं काही छापलेलं असेल तर घ्या. सुटी, कागदात बांधून दिलेली घेऊ नका. 'फूड ग्रेड' लिहिलं म्हणजे नाकात गेली तरी चालेल असा अर्थ नाही, शिसं-आर्सेनिकसारख्या अशुद्धी मर्यादेत आहेत एवढंच त्यातून कळतं. अमेरिकेत कीडनाशक म्हणून हिची पहिली नोंदणी १९६० मध्ये झाली, आणि तिथल्याही पिशव्यांवर धूळ श्वासात घेऊ नका असंच छापतात.

अस्फटिकी मातीनं सिलिकोसिस होत नसला तरी खोकला येतो, डोळे चुरचुरतात, घसा आणि हाताची कातडी कोरडी पडते. दमा असलेल्या माणसानं हे काम दुसऱ्याला द्यावं. पदर किंवा रुमाल पुरत नाही, बारीक धूळ त्यातून आरपार जाते. कोरोनात घेतलेले एन-९५ मास्क घरात पडलेले असतील, तसे वापरा, नाकावर घट्ट बसवून. डोळ्यांना चष्मा लावा. मुलं, मांजर, कुत्रं आत. डोळ्यात गेलीच तर चोळू नका, पाण्यानं धुवा. फरशीवर सांडली तर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

पानांवर टाकायचीच असेल तर धुळीचा त्रास टाळायला एक मार्ग आहे. लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे कालवून फवारा. ही विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून पंप सतत हलवत राहायचा, आणि नोझल अडकलं तर पंपाला शिव्या द्यायच्या नाहीत. ओली असताना ती काहीच करत नाही, पाणी उडून पानावर पातळ थर वाळला की काम सुरू. कडक उन्हाचा दिवस निवडा. पुढच्या पाण्यात तो थर जातो, मग पुन्हा. भाजी काढताना धुवायची, हे काही निराळं सांगत नाही.

काही चिठ्ठ्या आल्यात. येळ्ळूरच्या एका वहिनींनी विचारलंय, बियाण्याला चालेल का? चालेल, आणि बागेपेक्षा इथंच ती जास्त शोभते, कारण डबा कोरडा असतो. हुलगा, चवळी, मुगाला राख लावून ठेवायची आपल्या सासू-आज्जींची रीत बऱ्याच अंशी याच तत्त्वावर चालते. बियाणं उन्हात दाताखाली कट्‌कन फुटेल इतकं वाळवा, ओलसर दाण्यात ही हरते. किलोला एक-दोन ग्रॅम पुरे, डबा झाकून हलवायचा. कडधान्याचा भुंगेरा दाण्यावर अंडी घालतो आणि अळी आत शिरते, आत शिरलेल्या अळीला ही माती गाठत नाही. म्हणून भोक दिसायच्या आधीच लावायची. मी हे फक्त पेरणीच्या बियाण्याला सांगतेय. खायच्या धान्यात मिसळायची असेल तर त्या वापरासाठी असं पिशवीवर स्पष्ट लिहिलेलीच घ्या.

दुसरी चिठ्ठी कोंबड्यांची. पिसवांसाठी धूळस्नानाच्या जागी थोडी मिसळणारे आहेत. कोंबडीलाही फुफ्फुसं आहेत. बंद खुराड्यात धुरळा उडेल इतकी टाकू नका, त्यापेक्षा खुराडं उन्हात कोरडं करून घेतलेलं जास्त उपयोगी.

शेवटची चिठ्ठी, उरलेली पिशवी पावसाळ्यात कशी ठेवू. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोठीत, फरशीवर नाही तर फळीवर, मुलांच्या हाताबाहेर. ओल लागून गठ्ठे झालेच तर परातीत पसरून बिनवाऱ्याच्या उन्हात वाळवा, मास्क लावून हलकेच फोडा, चाळत बसू नका. बाहेर टेबलावर न भाजलेल्या आणि भाजलेल्या मातीच्या दोन्ही पिशव्या ठेवल्यात, उघडायच्या नाहीत, फक्त लेबल वाचून जा.