एमएच 13 पासिंग, ऐंशी लाखांची गाडी: विम्याचा पैसा जातो कुठे?

(दृश्य: होटगी रस्ता, सकाळची वेळ. घराच्या फाटकातून काळी सेडान बाहेर पडते.)

समजा, या गाडीची शोरूम किंमत 80 लाख रुपये आहे. पासिंग सोलापूरचं, इंजिन साधारण दोन हजार सीसीचं. विम्याच्या कागदावर दोन निरनिराळे हिशेब असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा. तो दर सरकार ठरवतं, त्यामुळे कंपनी बदलली तरी आकडा बदलत नाही. जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1500 सीसीच्या वरच्या खासगी गाडीला वर्षाला 7,897 रुपये आणि नव्या गाडीला तीन वर्षांचे एकदम 24,596 रुपये. गाडी जुनी इनोव्हा असो नाहीतर नवी मर्सिडीज, रक्कम तीच. इथे घासाघीस करून काही हाती लागत नाही.

खरा खेळ दुसऱ्या हिशेबात आहे. त्याला ओन डॅमेज म्हणतात, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. त्याचा पाया आयडीव्ही, विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत. नवी गाडी असेल तर शोरूम किमतीतून पाच टक्के वजा होतात, म्हणजे 76 लाख. गाडीला एक वर्ष उलटलं की वजावट 20 टक्के होते, दोन वर्षं उलटली की 30, तीनला 40 आणि चारला 50. पाच वर्षांनंतर ठरलेला तक्ता नाही. तिथे कंपनी आणि मालक आपसात किंमत ठरवतात.

ही वजावट आपण मोजलेल्या किमतीतून होत नाही, नूतनीकरणाच्या वेळी त्या मॉडेलची जी किंमत असते तिच्यातून होते. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा कर 45 ते 50 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आला आणि शोरूमच्या किमती उतरल्या. त्याआधी महाग घेतलेल्या गाडीची आयडीव्हीही त्यामुळे खाली येऊ शकते. हप्ता कमी आला म्हणून खूश होण्याआधी आयडीव्हीचा रकाना बघा. गाडी चोरीला गेली किंवा भंगारात निघाली, तर हातात येणारी रक्कम तीच असते.

आता दर. 2007 पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले, तरी जुन्या टॅरिफची, म्हणजे त्याआधी ठरवून दिलेल्या दरांची, चौकट हिशेबात अजून दिसते. त्यात पुणे, मुंबई, हैदराबादसह आठ मोठी शहरं झोन ए मध्ये आणि सोलापूर झोन बी मध्ये. 1500 सीसीच्या वरच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झोन ए चा मूळ दर 3.440 टक्के, झोन बी चा 3.343. 76 लाखांवर सोलापूरचा मूळ आकडा 2,54,068 रुपये येतो. पुणे पासिंग असेल तर त्याच गाडीला सुमारे 7,400 रुपये जास्त. या मूळ आकड्यावर कंपनी सूट देते, आणि दोन कोटेशनमधली बहुतेक तफावत त्या सुटीतूनच येते. सगळ्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा.

(दृश्य: वर्कशॉप. लिफ्टवर गाडी, पुढचा बंपर उतरवलेला, आतल्या वायरी लोंबताहेत.)

सूट देताना कंपनी हात आखडता का घेते, याचं उत्तर गाडीच्या या उघड्या तोंडात आहे. बंपरच्या मागे पार्किंगचे सेन्सर, जाळीमागे पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा रडार, काचेवर आरशामागे कॅमेरा. बॉनेट अनेकदा ॲल्युमिनियमचं. ते पत्र्यासारखं ठोकून सरळ होत नाही, बहुतेक वेळा बदलावंच लागतं. एलईडी हेडलाइटचा कान तुटला तरी अख्खा दिवा नवा येतो, आणि तो लाखांत. काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ते केलं नाही तर गाडी लेन चुकीची वाचते.

नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू होतो. पंढरपूर, मोहोळ, टेंभुर्णीच्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अशा ट्रॉलीला गाडी मागून जराशी जरी भिडली, तरी खर्च कसा चढतो ते पाहू. गाडी अडीच वर्षांची धरा. बंपर आणि जाळी 1,20,000. एक हेडलाइट 2,40,000. बॉनेट 1,00,000. रंगकाम 60,000, मजुरी 80,000. एकूण सहा लाख.

साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापतात. म्हणजे बंपरचे 60,000 गेले आणि हेडलाइटचे 1,20,000. धातूच्या भागाला दोन ते तीन वर्षांत 15 टक्के, म्हणजे बॉनेटचे 15,000. रंगाच्या एकत्रित बिलात पाव हिस्सा सामानाचा धरून त्याचा निम्मा कापतात, ते 7,500. वर प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सक्तीने सोसायचे 2,000. अपघाताचा क्लेम मंजूर झालेला, तरी मालकाच्या खिशातून 2,04,500 रुपये. झिरो डेप (घसारा न कापण्याचा जादा पर्याय) असता तर 2,000 आणि फार तर नटबोल्ट, कूलंट, ऑइलचे किरकोळ पैसे. या वर्गातल्या गाडीला झिरो डेप न घेणं ही काटकसर नव्हे, हे आमचं स्पष्ट मत. अट एवढीच बघा की वर्षाला किती क्लेमना तो चालतो आणि गाडी किती वर्षांची होईपर्यंत मिळतो. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर हात आखडता घेतात.

उलट, स्वतःहून जास्त रक्कम सोसण्याच्या पर्यायात फारसा अर्थ नाही. जुन्या टॅरिफमध्ये 15,000 रुपये सोसायची तयारी दाखवली तरी सवलतीला 2,500 ची कमाल मर्यादा होती. कंपनी याहून बरं काही देत असेल तर आकडा मांडून बघावा, नाहीतर तो रकाना कोरा सोडावा.

(दृश्य: सीना नदीच्या पुलाजवळचा महामार्ग, पावसाळी आभाळ.)

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा या जिल्ह्याने पाण्याचा अनुभव घेतला. गाडी पाण्यात उभी राहून बिघडली तर साध्या पॉलिसीत दाद लागू शकते. पण पाणी शिरलेलं असताना स्टार्टचं बटण दाबलं आणि सिलिंडरमधल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी त्याला मालकाच्या कृतीने झालेलं नुकसान म्हणते. इंजिनचं संरक्षण देणारं वेगळं कलम त्यासाठी असतं. ते असलं तरी नियम एकच: पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायची नाही. बॅटरीची जोडणी काढायची, उभ्या जागी फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यायची. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी पुढची दोन चाकं उचलून ओढली, तर गिअरबॉक्सचाही खर्च मागे लागतो.

न्यायची कुठे, हा सोलापूरकरांचा वेगळा प्रश्न. तुमच्या ब्रँडचं अधिकृत वर्कशॉप पुण्यात असेल तर अंतर सुमारे 250 किलोमीटर. साध्या खासगी पॉलिसीत ओढून नेण्याचा भत्ता 1,500 रुपयांचा असतो, त्यात गाडी मोहोळपर्यंतही जाणार नाही. रस्त्यावरच्या मदतीच्या अनेक योजनांत 50 किंवा 100 किलोमीटरची मर्यादा असते. पॉलिसी घेतानाच विचारून ठेवा: किती किलोमीटर, सपाट ट्रक की साखळी, आणि त्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस आहे का. नुकसान 50,000 च्या वर असेल तर परवानाधारक सर्व्हेअर येतो. त्याने पाहणी करण्याआधी गाडी खोलायची नाही.

टायरचं वेगळं. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि या गाड्यांच्या टायरची भिंत बुटकी. खड्ड्यात आदळून टायरला फुगा आला आणि गाडीला बाकी काही झालं नाही, तर साधी पॉलिसी एक रुपया देत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरचे निम्मे.

आता एनसीबी, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याची सवलत: 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के, तीही ओन डॅमेजवरच. समजा ओन डॅमेजचा हप्ता 90,000 आहे आणि यंदा 35 टक्के मिळताहेत. बंपरला ओरखडा आला म्हणून 20,000 चा क्लेम केला, तर पुढच्या वर्षी 45 टक्क्यांऐवजी शून्य. आकडा तोच धरला तर 40,500 रुपये गेले, आणि शिडी पुन्हा तळापासून. ओरखडा आपल्या पैशाने काढावा.

ही सवलत गाडीची नसते, मालकाची असते. जुन्या स्विफ्टवर कमावलेले 50 टक्के नव्या बीएमडब्ल्यूच्या ओन डॅमेजवर मिळतात, हे शोरूममध्ये दरवेळी कोणी आपणहून सांगत नाही. स्विफ्ट विकून पासिंग दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा पुरावा द्या आणि जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. अडचण कुठे येते? स्विफ्ट मालकाच्या नावावर आणि नवी गाडी फर्मच्या. नाव बदललं की सवलत येत नाही. पेढीच्या नावावर गाडी घेण्याची इथल्या व्यापाऱ्यांची सवय आहे, म्हणून हे आधीच पाहावं. फर्मच्या गाडीला मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमाही लागू होत नाही.

(दृश्य: जुन्या गाड्यांचा बाजार. सहा-सात वर्षांची जर्मन गाडी, काचेवर किंमत.)

सात वर्षांची जर्मन गाडी स्वस्तात मिळते, पण सुटे भाग नव्याच्याच भावाने येतात. आयडीव्ही 15 लाख धरा. दुरुस्तीचा खर्च त्याच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे 11.25 लाखांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरतात. दोन हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर, फुटलेल्या एअरबॅग, सोबत डॅशबोर्ड आणि सीटबेल्ट. एवढ्यात तो आकडा जवळ येतो. व्यवहार झाल्यावर 14 दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर थर्ड पार्टी चालू राहते आणि ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाची एनसीबी तुम्हाला मिळत नाही, तिचा फरक भरावा लागतो. किल्ल्या दोन्ही मागून घ्या. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी दोन्ही मागते.