एक लाख ओळींची वही

[दृश्य: लोखंडी ट्रंकेचं झाकण उघडतं. आत वह्यांची चळत.]

माझ्या आजीने रामनाम लिहिलं. रोज तिन्हीसांजेला, देवापाशी दिवा लावून झाला की. ‘श्रीराम जय राम जय जय राम.’ एक ओळ, आणि तिच्याखाली पुन्हा तीच ओळ. लाखाचा संकल्प पुरा झाला तेव्हा वह्यांनी अर्धी ट्रंक भरली होती.

तीच ओळ मी संगणकावर टाइप केली आणि लाख वेळा चिकटवली. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक खुणेला क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. तिची जी साठवण सगळीकडे चालते, यूटीएफ-८, तिच्यात देवनागरीची प्रत्येक खूण 3 बाइट, म्हणजे साठवणीची 3 मापं, घेते. काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडल्याची खूणही वेगळी. या ओळीत अशा 19 खुणा आहेत. त्यांत शब्दांमधल्या 5 मोकळ्या जागा आणि ओळ संपल्याची 1 खूण मिळवली की होतात 63 बाइट. लाख ओळींचे 63 लाख.

मग फाइल झिप केली, म्हणजे दाबून लहान केली. मूळच्या शंभराव्या हिश्श्याहूनही ती लहान झाली. पुन्हा उघडली, तर एक कानाही हरवलेला नव्हता.

[दृश्य: आरतीसंग्रहाचं पान. बोट ओळीवरून सरकतं.]

आरतीचं पुस्तक आठवा. ‘जय देव जय देव’ हे ध्रुवपद एकदा पूर्ण छापलेलं असतं. पुढच्या कडव्यांनंतर नुसतं ‘जय देव’ आणि एक टिंब. म्हणणारे मात्र ते पूर्ण म्हणतात, कारण मागे काय येऊन गेलंय ते त्यांना ठाऊक असतं. झिपच्या पोटात हेच चालतं. ‘63 बाइट मागे जा, तिथून पुढे उचल’ एवढीच सूचना लिहिली जाते आणि ओळ पुन्हा लिहायची वाचते. 1977 साली इस्रायलमधल्या हैफा इथल्या टेक्निऑन संस्थेतल्या याकोब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल या दोघांनी ही रीत गणितात बसवून मांडली. झिपमध्ये सर्रास वापरली जाते त्या डिफ्लेट पद्धतीची नजर 32,768 बाइट मागेपर्यंत पोचते. आजीच्या वहीच्या हिशेबात सुमारे 520 ओळी.

पण ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी एका विद्यार्थ्याची आहे, आणि ती मला फार आवडते.

[दृश्य: जुन्या छापखान्यातली खिळ्यांची केस.]

खिळे जुळवणाऱ्यांच्या केसमध्ये ज्या अक्षराची सारखी गरज पडते ते हाताशी असतं, क्वचित लागणारं दूर. तारायंत्राच्या मोर्स लिपीतही इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब दिलं आहे. नेहमीच्याला थोडक्यात आटपायचं, दुर्मीळाला लांब खूण द्यायची. पण यापेक्षा कमी जागेत बसूच शकणार नाही, अशा खुणा ठरवायच्या कशा? 1951 साली अमेरिकेत, एमआयटी या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला हा प्रश्न घातला. जो निबंध लिहील त्याला परीक्षा माफ. या प्रश्नाशी आपण स्वतः झगडलो आहोत आणि माहितीच्या गणिताचा पाया घालणारा क्लॉड शॅननसारखा माणूसही, हे त्यांनी मुलांना सांगितलं नाही.

त्या वर्गातला डेव्हिड हफमन महिनोन्‌महिने कागद खरडत राहिला. शेवटी नाद सोडून तो परीक्षेच्या अभ्यासाला लागणार, कागद टोपलीत जाणार, तेवढ्यात त्याला उत्तर दिसलं. सगळे वरून खाली वाटण्या करत होते, त्याने खालून सुरुवात केली. सर्वांत कमी वेळा येणारी दोन अक्षरं घ्या, त्यांची जोडी करा, जोडीला एकच अक्षर समजा, आणि पुन्हा सर्वांत कमी येणारी दोन घ्या. शेवटी झाड उभं राहतं, आणि त्याच्या फांद्यांवरून प्रत्येक अक्षराची खूण वाचता येते. 1952 मध्ये हा निबंध छापून आला. आजही तुम्ही झिप करता तेव्हा बहुधा लेम्पेल-झिव्हच्या मागोमाग हफमनचं झाड उभं राहत असतं.

[दृश्य: पडद्यावर आकड्यांच्या रांगा.]

आता मराठीची गंमत पाहा. ‘म’चे 3 बाइट आकड्यांत 224, 164, 174. ‘र’चे 224, 164, 176. काना 224, 164, 190. पहिला आकडा देवनागरीच्या प्रत्येक खुणेचा 224च, दुसरा 164 किंवा 165. इंग्रजी अक्षराला 1 बाइट पुरतो, आपल्याला तिप्पट लागतात, पण त्या तिपटीतला मोठा भाग निव्वळ पुनरुक्ती असतो आणि दाबताना तोच विरघळतो. म्हणून कथा, ओव्या, गावच्या नोंदी यांच्या साध्या मजकुराच्या फाइली झिप करायला मुळीच कचरू नका.

झिप घरोघरी नेली ती अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरच्या फिल कॅट्झने. 1989 मध्ये त्याने हा फाइलप्रकार आणला आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली. वयाच्या 37व्या वर्षी तो गेला. साधी झिप फाइल आतून पाहिली तर पहिली दोन अक्षरं ‘पी’ आणि ‘के’ दिसतात, त्याच्या नावाची. वर्डची डॉक्सएक्स, फोनवरच्या ॲपची एपीके, यांच्याही आत झिपच आहे. त्या पुन्हा झिप करून फारसं काही हाती लागत नाही.

[दृश्य: फोनवर ‘जागा संपली’ अशी सूचना.]

आणि नेमक्या ज्या गोष्टींनी फोन भरतो, ते फोटो आणि व्हिडिओ, त्यांचंही तसंच. फोनमधला जेपेग फोटो आधीच दाबलेला असतो. तो दाबताना चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडतात, आणि डोळ्याला सहज जाणवणार नाही असा बारकावा टाकून देतात. झिप काही टाकत नाही, जेपेग टाकतो. टाकलेलं परत येत नाही. फोल्डर लहान करायला बसण्याआधी हा एक फरक मनात पक्का हवा.

मला तो उशिरा कळला. आजीचा एक फोटो होता, ओसरीवर उन्हात बसलेली. मी तो घरच्यांना एका मेसेजच्या ॲपवरून पाठवला आणि जागा करायची म्हणून फोनमधला मूळ फोटो पुसला. पाठवताना ॲपने तो आणखी दाबला होता, आकारानेही लहान केला होता. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर जसाच्या तसा पोचला असता.

आता मी एवढं करतो. मजकूर एका झिपमध्ये. ध्वनिमुद्रणं फ्लॅक या फाइलप्रकारात, कारण त्यात आवाजातलं काहीच टाकलं जात नाही. फोटो आहेत तसेच, दोन वेगळ्या ड्राइव्हवर. आणि झिप उघडून आतल्या फाइली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मूळ फोल्डर पुसत नाही.

[दृश्य: पडद्यावर रामनामाच्या ओळी वर सरकत राहतात. मग फोटो.]

वहीची झिप उघडली की लाख ओळी परत येतात. हा तिचा फोटो. तिच्या कपाळावर तीन टिंबांचं गोंदण होतं. मोठा करून पाहिला, तर तिथे आता एक करडा डाग आहे.