ड्रमवरचे लेबल आणि हातातली बाटली

श्रोतेहो, नमस्कार.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून उभा असलेला तरुण पुष्कळदा कापसाच्या शेतातून आलेला असतो, आणि धोक्याची खूण ओळखण्याचा पहिला धडा त्याने कारखान्यात नव्हे, तर बांधावर घेतलेला असतो. कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकोनात खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर औषध सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, हे त्याला ठाऊक असते. (हिरवा म्हणजे निर्धोक, हा गैरसमजही त्याच्यासोबत येतो, आणि तो दूर करणे आधीच अवघड जाते.) कंपनीतील लेबलाची रीत मात्र निराळी आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत नऊ चिन्हे असून ती कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या चित्राने दाखवतात. कडा सगळ्यांचीच लाल असते. त्यामुळे रंगावरून जहालपणा जोखणाऱ्याला इथे काहीच उलगडत नाही. त्याला चित्र ओळखावे लागते आणि शेजारी ‘डेंजर’ लिहिले आहे की त्याहून सौम्य ‘वॉर्निंग’, हेही पाहावे लागते. हा फरक कामाच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी समोर डबा ठेवून सांगायला हवा.

ज्वाला, कवटी, हातावर सांडणारे ॲसिड ही चित्रे सांगितली की लगेच पटतात. सर्वांत दुर्लक्षित राहते ते माणसाच्या छातीवर चांदणीसारखी खूण असलेले चित्र, कारण ते आज न दिसणाऱ्या इजेबद्दल बोलते. वाहनांच्या सुट्या भागांना रंग देणाऱ्या विभागात दोन घटकांचा रंग वापरतात. त्यातील हार्डनरमध्ये, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या घटकात, बहुधा आयसोसायनेट वर्गाची रसायने असतात. फवारणी करणाऱ्याला अनेक महिने काहीही होत नाही, आणि मग एखाद्या दिवसापासून थोड्याशा वाफेनेही छाती भरून येते, दम लागतो. एकदा शरीराने हे वैर धरले की अल्प मात्राही पुरते. “आम्ही इतकी वर्षे हेच मारतोय, काही झाले नाही,” असे म्हणणारा जुना कारागीर खोटे बोलत नसतो, पण त्याचा अनुभव नव्या पोराच्या फुप्फुसांची हमी देऊ शकत नाही. हे समजावण्यात सुपरवायझरने वेळ घालवला, तर तो वाया गेला असे कोणी म्हणू नये.

आता लेबल उत्तम आहे असे धरू. ते दोनशे लिटरच्या ड्रमवर असते आणि ड्रम स्टोअरमध्ये असतो. कामगाराच्या हाती येते ती त्यातून काढलेली, पाण्याची म्हणून ओळखली जाणारी प्लॅस्टिकची बाटली. तिच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलेले असते, आत थिनर असतो आणि बाटलीवर मात्र पाण्याच्याच कंपनीचा कागद असतो. माझ्या मते धोक्याची माहिती सर्वांत जास्त वेळा तुटते ती याच जागी. ओतून घेतलेल्या प्रत्येक लहान भांड्यावर रसायनाचे नाव आणि मुख्य धोका जाड मार्करने मराठीत व हिंदीत लिहिणे, आणि खाण्यापिण्याचे भांडे त्यासाठी कधीही न वापरणे, याला खर्च जवळजवळ नाही.

प्रत्येक रसायनासोबत ज्याला कंपनीत एमएसडीएस म्हणतात ती सुरक्षा माहितीपत्रिका येते. तिचे सोळा विभाग असतात. कामगाराला मुख्यतः धोके, प्रथमोपचार, सांडल्यास काय करावे आणि कोणते हातमोजे व मास्क लागतात, एवढे हवे असते. ती इंग्रजीत, फाइलमध्ये, कुलूपबंद कपाटात असेल तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुरतीच तिची उपयुक्तता उरते. या चार भागांचा मराठी-हिंदी सारांश वापराच्या जागी लावावा, आणि शिफ्टच्या सुरुवातीला त्यातील एकाच रसायनाबद्दल पाच मिनिटे बोलावे. बोलून झाल्यावर “समजले ना?” असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी “हो साहेब” असेच येते, “हे डोळ्यात गेले तर तू आधी काय करशील?” असे विचारावे.

काही धोक्यांना लेबलच नसते. लातूरकडच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये तेल काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात व नाल्यात साचते, आणि दुरून आलेली ठिणगीही तिला पुरते. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड आपोआप तयार होतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर गॅस आहे, हे सर्वांना माहीत असते; पण हवेतील त्याचे प्रमाण दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेले की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास थांबतो. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असे समजून माणूस आत उतरतो, तो कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा विनातयारी उडी घेतो. टाकी साफ करणारे बहुधा ठेकेदाराचे, कालच आलेले मजूर असतात. त्यांना मीटरने हवा तपासल्याशिवाय उतरायचे नाही आणि कोणी कोसळल्यास श्वसनाच्या साधनांशिवाय त्याच्या मागे आत जायचे नाही, हे उतरण्यापूर्वी त्यांच्या भाषेत सांगणे बंधनकारक मानले पाहिजे.

कायदाही हेच म्हणतो. भोपाळमध्ये 1984 च्या डिसेंबरात मिथाइल आयसोसायनेटने बळी गेले, तेव्हा रुग्णालयात आलेल्यांवर नेमके कोणते उपचार करावेत, हे डॉक्टरांना सांगणारे कोणी नव्हते. त्यानंतर 1987 मध्ये 1948 च्या कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना, निरीक्षकांना आणि आसपासच्या जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले, तसेच तात्काळ धोक्याची रास्त भीती वाटल्यास तो व्यवस्थापनाच्या व त्याच वेळी निरीक्षकाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. 2025 मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत त्या अधिनियमातील कामगाराच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही येत असे.

म्हणून कामगारबंधूंनो आणि भगिनींनो, अंगावर किंवा डोळ्यात काही गेले तर आधी भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, आणि दवाखान्यात जाताना त्या डब्यावरील लेबलाचा मोबाइलने काढलेला फोटो व माहितीपत्रिकेची प्रत सोबत न्या. “कंपनीतले केमिकल लागले” एवढ्या सांगण्यावर डॉक्टरांना फारसे काही करता येत नाही. नाव कळले की उपचाराची दिशा ठरते.

नमस्कार.