‘अधिक’च्या चिन्हावर हक्क कोणाचा?

डेव्हलपर मीटअपमध्ये प्रोग्रॅमिंग भाषेवरचं भाषण कसं असतं, हे नेहमी जाणाऱ्यांना पाठ झालेलं असतं. आधी भाषेचा लोगो, मग ‘हॅलो वर्ल्ड’ एवढंच छापणारा पहिला प्रोग्रॅम, मग आपली भाषा किती वेगवान याचा आलेख, आणि शेवटी ऐन वेळी अडून बसणारा डेमो.

या भाषणात यातलं काहीच नव्हतं.

[दृश्य: व्हँकूव्हरचा समुद्रकिनारा, पावसाळी आभाळ]

ऑक्टोबर १९९८, कॅनडातलं व्हँकूव्हर. ‘ऊप्स्ला’ ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगवाल्यांची परिषद. बोलायला उभे आहेत गाय स्टील. १९७५ मध्ये जेराल्ड ससमन यांच्यासोबत ‘स्कीम’ भाषा घडवणारे, आणि पुढे जावा या भाषेचे नियम लिहून काढणाऱ्या तिघांपैकी एक.

आणि हे गृहस्थ सुरुवात कुठून करतात? पुरुष म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, असं म्हणतात. मग स्त्री म्हणजे काय ते सांगतात. मग व्यक्ती. मग यंत्र. बालवाडीत बाई समजावतात तसं. भल्या भल्या इंजिनिअरांपुढे!

थोड्या वेळानं ते आपला नियम सांगतात. इंग्रजीतले एकाच उच्चारात संपणारे शब्द तेवढे फुकट. त्याहून लांब शब्द हवा असेल, तर आधी त्याची व्याख्या करायची, मगच तो वापरायचा. भाषणभर त्यांनी हा नियम पाळला.

हे किती अवघड आहे ते मराठीत करून बघा. घर, हात, दूध, भात हे शब्द चालतील. ‘तू ये. बस. भात घे.’ इथवर ठीक. पण ‘तो आला’ म्हणायला गेलात की अडलात. ‘आला’ दोन उच्चारांचा. ‘आहे’सुद्धा दोन. क्रियापदांत उरतात ते बहुतेक हुकूमच: ये, जा, घे, दे, ऊठ. कॉम्प्युटरशी बोलायला तेवढे पुरतील म्हणा.

ही गंमत करण्यामागे कारण होतं. भाषा छोटी ठेवली, तर ती वापरणाऱ्याचा निम्मा वेळ शब्द घडवण्यात जातो. श्रोत्यांनी ते नुकतंच अनुभवलं होतं. भाषा पहिल्याच दिवशी अवाढव्य करायची म्हटली, तर ती तयार होईपर्यंत लोक दुसरीकडे निघून जातात. म्हणून स्टील यांचं म्हणणं असं, की भाषा छोटीच काढा, पण ती वाढेल अशी बांधा. आणि ती वाढवायचं काम वापरणाऱ्यांच्याही हातात द्या.

त्यात अट एकच. वापरणाऱ्यानं घातलेला शब्द मूळच्या शब्दांमध्ये उपरा दिसता कामा नये. एपीएल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत मूळच्या क्रिया खास चिन्हांनी लिहितात आणि तुमच्या क्रियांना साधी नावं, त्यामुळे सासरचं-माहेरचं लगेच ओळखू येतं. लिस्प या दुसऱ्या जुन्या भाषेत दोन्ही सारखेच दिसतात. लिस्प वाढत गेली ती त्यामुळे.

[दृश्य: काळा पडदा, कोडची एक ओळ]

आता जावाकडे येऊ, कारण खरा रोख तिच्यावर होता. तेव्हा ती लोकांसमोर येऊन तीनच वर्षं झाली होती. बँकेचं काम करणारा कुठलाही जावावाला ही ओळ ओळखेल. पैशांचा हिशेब पैशापर्यंत चोख हवा, म्हणून ‘बिगडेसिमल’ हा दशांश अचूक ठेवणारा संख्येचा प्रकार वापरायचा. मुद्दलात व्याज मिळवायचं आहे. शाळेत आपण लिहायचो: मुद्दल, अधिक, मुद्दल गुणिले दर. जावात लिहावं लागतं: मुद्दल डॉट ॲड, कंसात मुद्दल डॉट मल्टिप्लाय, कंसात दर. (जावात व्हेरिएबलला ‘मुद्दल’ असं देवनागरी नाव खरंच देता येतं. ऑफिसात कोणी देत नाही, ते सोडा.)

अधिकचं चिन्ह जावात आहेच. पूर्णांकांना चालतं. दोन स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, जोडायलाही चालतं. ती सूट भाषेनं स्वतःच्या स्ट्रिंगला दिली. बिगडेसिमलला किंवा तुम्ही घडवलेल्या प्रकाराला मात्र ते मिळत नाही. सी प्लस प्लस, पायथन, रुबी या भाषा देतात. विरोधकांचं म्हणणंही अगदीच चूक नाही: उद्या कोणी अधिकच्या चिन्हानं वजाबाकी करील, मग वाचणाऱ्यानं कुठे जायचं? पण त्यावर मला एवढंच वाटतं, की ‘ॲड’ नावाच्या मेथडमध्येही कोणी वजाबाकी लिहू शकतोच.

व्हँकूव्हरला स्टील यांनी जावासाठी मुख्यतः दोन गोष्टी मागितल्या: जेनेरिक्स (एकदाच लिहून अनेक प्रकारांना चालणारा कोड), आणि आपल्या प्रकारांसाठी ही चिन्हं वापरायची मुभा.

जेनेरिक्स २००४ मध्ये, जावा ५ सोबत आली.

[पडद्यावर कर्सर लुकलुकतो. टाइप होतं: मुद्दल डॉट ॲड]