पहिल्या सराव पाठात मी तीन सेकंदही थांबले नाही

नमस्कार. आजचा व्हिडिओ बी.एड.च्या पहिल्या वर्षातील छात्राध्यापकांसाठी आहे आणि त्यात एकाच प्रश्नाविषयी बोलायचे आहे : वर्गात प्रश्न विचारल्यानंतर शिक्षकाने किती वेळ गप्प राहावे?

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात किमान २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, आली, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. माझे पहिले ४ आठवडे सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत गेले. यंत्रमागांच्या आणि विडी कामगारांच्या या वस्तीत अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, हे याच शहरात वाढल्यामुळे मला माहीत होते. माझ्या पाठ टाचणाला, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याला, मात्र ते माहीत नव्हते.

इयत्ता सातवी, घटक उष्णतेचे वहन. ३५ मिनिटांसाठी लिहिलेला पाठ मी २१ मिनिटांत संपवला आणि उरलेल्या वेळात फळा पुसून तोच स्वाध्याय अधिक सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिला. मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक मॅडमनी पाठ निरीक्षण वहीत एवढेच नोंदवले होते : प्रश्न १८, मुलांची उत्तरे ६, उरलेली १२ तुमची.

असे का झाले, याचे कारण मला सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या पाठातून अध्यापनाचे एकेक कौशल्य घोटण्याच्या सरावात, सापडते. तेथे ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनराध्यापन आणि पुन्हा ६ मिनिटे प्रत्याभरण असे ३६ मिनिटांचे चक्र असते, आणि विद्यार्थी म्हणून समोर आपलेच वर्गमित्र बसलेले असतात, ज्यांना उत्तर आधीच ठाऊक असते आणि स्वतःची पाळी लवकर यावी अशी घाईही असते. त्यामुळे प्रश्नामागून लगेच उत्तर येण्याची सवय आपल्याला लागते.

अमेरिकेतील विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात आणि ही वेळ ३ सेकंदांपर्यंत नेली तर मुलांची उत्तरे लांबतात व आपणहून बोलणारी मुले वाढतात. मुलाचे उत्तर आल्यानंतरचे थांबणेही त्यांनी तितकेच महत्त्वाचे मानले. ज्या मुलाला उत्तर एका भाषेत सुचते आणि दुसऱ्या भाषेत द्यायचे असते, त्याच्यासाठी मला हे ३ सेकंदही थोडेच वाटतात.

दुसऱ्या पाठात मी विचारले, “उन्हात ठेवलेला लोखंडी पत्रा आणि लाकडी फळी, यांपैकी हाताला अधिक गरम काय लागेल?” आणि मनात आकडे मोजू लागले. पाचाला तिसऱ्या बाकावरून दबका आवाज आला, “वेडि.” क्षणभर मला वाटले की हे विशेषण मलाच लावले गेले आहे, पण वर्ग हसला नाही, कारण तेलुगूत वेडि म्हणजे उष्ण. मी तरीही बोलले नाही. मग तीच मुलगी मराठीत म्हणाली, “बाई, दुपारी कारखान्यात मागाच्या लोखंडाला हात लावला की चटका बसतो, धोट्याच्या लाकडाला लावला की बसत नाही.” धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारे साधन.

टाचणातील अपेक्षित उत्तराच्या रकान्यात मी ‘लोखंड उष्णतेचे सुवाहक आहे’ असे लिहिले होते. तिसऱ्या पाठासाठी शैक्षणिक साधनांच्या रकान्यात मी तक्त्याऐवजी धोटा लिहिला, आणि तो त्याच मुलीने दप्तरात घालून आणला.